कातडीवरून सीओटू मोजणारं मॉनिटर, आईच्या सीओपीडीसाठी वापरलं त्याचा रिव्ह्यू

आईने आयुष्यात कधी बिडी-सिगरेट ओढली नाही, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केला आणि त्यातून सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) झाला. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपते, तरी सकाळी डोकं जड, दुपारी बोलता बोलता पेंग. ऑक्सिमीटर मात्र ९०-९१ टक्के, आणि तिच्यासारख्यांना डॉक्टर ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगतात म्हणजे घरात सगळे निवांत. पण ते बोटाचं यंत्र फक्त ऑक्सिजन दाखवतं हो, आत साठलेला कार्बन डायऑक्साइड (सीओटू) त्याला कळतच नाही, त्यात दम लागला म्हणून कुणी ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटर मशीनचा फ्लो वाढवला तर ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो आणि सीओटू अजून चढू शकतो. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं म्हणून लिहितेय.

डॉक्टरांनी स्लीप लॅबमध्ये रात्रभर ट्रान्सक्युटेनियस (म्हणजे कातडीवरून मोजणारं) मॉनिटर लावायला सांगितलं. कानाच्या पाळीला छोटा सेन्सर, तो साधारण ४२ डिग्रीपर्यंत गरम होतो, उबेने तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि कातडीतून बाहेर येणारा सीओटू मोजला जातो. सुई नाही! एबीजीला (रक्तातले वायू मोजायची तपासणी) मनगटाच्या धमनीत सुई घालतात तेव्हा आई अक्षरशः कळवळते आणि एवढं करून आकडा मिळतो तो फक्त त्या क्षणाचा, इथे अख्ख्या रात्रीचा ग्राफ मिळाला. सीओटू नॉर्मल ३५ ते ४५ (mmHg मध्ये), आईचा जागेपणी पन्नाशीच्या थोडा वर होता, पहाटे साठच्या पुढे. त्यावरून बायपॅपचं प्रेशर बदललं आणि आता सकाळी उठून स्वतःचा चहा स्वतः करते, मला अजून काय पाहिजे.

नाकाशी नळी लावून श्वासातला सीओटू मोजायची पण पद्धत आहे, पण फुफ्फुसं अशी खराब असली की तो आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येऊ शकतो, आणि मास्कमधून हवा लीक होते ते वेगळंच. त्यामुळे आपल्या पेशंटला कातडीवालंच बरं.

उणिवा आहेत. लावल्यावर आकडा स्थिर व्हायला काही मिनिटं जातात, पाळीवर लाल डाग पडला होता (नंतर गेला), आणि रक्ताचा पीएच (आम्लता किती ते) यात कळत नाही, त्यामुळे एबीजी पूर्ण सुटत नाही, एकदा तरी दोन्ही आकडे जुळवून बघावे लागतात. मशीन महाग, घरी घ्यायच्या भानगडीत पडू नका.

बुकिंग करताना मात्र स्पष्ट विचारा की रात्रभर सीओटू मोजणार का, कारण साध्या स्लीप स्टडीत बऱ्याचदा नुसता ऑक्सिजनच बघतात.