कोकमाचं कलम घेताना आधी काडी बघा : 'कोकण अमृता'चा आमच्या परसातला अनुभव

आधी मार्क देऊन टाकते, पाचापैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

झाड म्हणजे कोकम, जात 'कोकण अमृता', कलम दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतलं. ही जात विद्यापीठानेच १९९७ साली काढली. नंतर 'कोकण हातिस' पण आली, तिचं फळ एकदम दांडगं, पण आम्हाला तेव्हा अमृताच मिळाली आणि आता वाटतं बरंच झालं, कारण अमृताचा खरा गुण फळाच्या आकारात नाही, ती लवकर तयार होते त्यात आहे. फळ मध्यमच असतं, पस्तीसेक ग्रॅमचं, साल जाड आणि रंगाला झकास.

परसात जागा झाली ती निसर्ग वादळामुळे. ३ जून २०२० ला आमच्या दापोली तालुक्यात काय झालं ते इथल्यांना सांगायला नको, आमच्या परसातल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या आणि जुना रायवळ आंबा मुळापासून उपटला. हे म्हणत होते हापूसच लावू, पण सासूबाई ठाम, हापूस बाजारात मिळतो, सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, आमसुलं, ती घरची पाहिजेत. आणि त्यांचं बरोबरच होतं हो, हापूसला मोहोर आला की फवारणी, तुडतुडे, थंडी पडली का नाही पडली, सगळा घोर. कोकम ह्याच मातीतलं, सह्याद्रीच्या पायथ्याला रानात आपलं आपण वाढतं, त्याला आमच्या घरात आजवर कुणी औषध मारलेलं नाही.

आता मुद्द्याचं. कलमच का, बीवरचं रोप का नको? कोकमात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बी टाकून रोप केलं तर साधारण अर्धी नर निघतात आणि ते कळतं कधी, तर फुलं आल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षं पाणी घालून झाल्यावर. आमच्या शेजारच्या काकांचं असंच आहे, झाड बघाल तर देखणं, खालपर्यंत झुकलेल्या फांद्या, कोवळी पानं लालसर, आणि हिवाळ्यात फुलांचे झुबकेच्या झुबके, पण एक फळ नाही. काका आता म्हणतात सावलीला लावलंय. कलम मात्र फळणाऱ्या मादी झाडाची काडी, म्हणजे छोटी फांदी, बीवरच्या रोपाला (त्याला खुंट म्हणतात) जोडूनच बांधलेलं असतं त्यामुळे तो प्रश्नच येत नाही, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसतं. फक्त आसपास कुठेतरी नर झाड हवं, नाहीतर फळधारणा कशी व्हायची. पूर्ण बाग करणाऱ्यांना मधे मधे थोडी नर झाडं ठेवायला सांगतात ते ह्यासाठीच. आमच्याकडे ते काम काकांचं झाड फुकटात करतंय, मी त्यांना तसं सांगितलंय पण, त्यांना ते फारसं आवडलं नाही.

दुसरी गोष्ट जी नर्सरीत कुणी आपणहून सांगत नाही आणि म्हणूनच मी हे लिहायला बसले, ती म्हणजे काडी. कोकमाला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक सरळ वर जाणारा शेंडा आणि बाकीच्या आडव्या पसरणाऱ्या. शेंड्याची काडी घेऊन कलम बांधलं तर झाड सरळ वाढतं, त्याला कोकमाचा तो नेहमीचा खाली रुंद वर निमुळता आकार येतो. आडव्या फांदीची काडी वापरली की झाड कितीही वर्षं गेली तरी आडवंच चालतं. आता एका झाडाला सरळ शेंडे मिळणार किती? आडव्या फांद्या भरपूर, म्हणून ज्याला घाईघाईत हजारो कलमं बांधून विकायचीत तो सरळ आडव्याच काड्या वापरतो.

माझ्या धाकट्या दिरांनी हायवेलगतच्या एका खाजगी नर्सरीतून (नाव घेत नाही, मालक ओळखीचे निघतील) कलम आणलं आणि ते आज जमिनीलगत भोपळ्याच्या वेलासारखं पसरलंय. काठ्या लावल्या, दोरीने ओढून बांधलं, काही उपयोग नाही, दोरी सोडली की पुन्हा तेच. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणे कोकम असंच असतं. असं नसतं! खरं तर फळ त्यालाही धरतंच, उलट बसून तोडता येतं, सासूबाईंना ते झाड जास्त पसंत आहे गुडघ्यांमुळे. पण परसात जागा अडते, खाली झाडलोट करता येत नाही आणि पावसात खालच्या फांद्या चिखलात लोळतात. तेव्हा घेताना पिशवी हातात घेऊन नीट बघा, जोडाच्या वरचा भाग सरळ उभा आहे का, नवीन फूट चारी बाजूंनी निघतेय का, की सगळी पानं एकाच बाजूला पंख्यासारखी पसरलीयत. पंखा दिसला की खाली ठेवा. जोड नीट जुळलाय का आणि जोडाच्या खालून फुटवे आलेत का तेही बघा, कारण खालचा फुटवा म्हणजे खुंटाचा, बीवरचा, तो जोरात वाढतो आणि वरचं कलम मारून टाकतो. घरी आणल्यावरही पहिली दोन-तीन वर्षं हे फुटवे दिसले की काढायचे.

आम्ही लावलं गणपती झाल्यावर, लॉकडाऊनमुळे त्याआधी जमलंच नाही. खरा टाइम जूनच्या शेवटापासून, पाऊस नीट लागला की. आमच्याकडे खाली सगळा जांभा दगड, खड्डा काढायला दोन गडी लावले आणि पहारीने अक्षरशः फोडून काढला, दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. त्यात बाहेरची चांगली माती, शेणखत, थोडं सुपर फॉस्फेट. जोड मातीच्या वर ठेवला. उन्हाळ्यात माडाच्या झावळ्यांची सावली केली, हे विसरू नका, रानात कोकम मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढतं त्यामुळे लहानपणी त्याला भर ऊन सोसत नाही, पानं करपतात. पाण्याला वेगळी सोय काही नाही, न्हाणीचं पाणी आधी अळवाला जायचं ते थोडं इकडे वळवलं.

आणि इथेच तो अर्धा मार्क गेला. पहिली दोन वर्षं झाड वाढतच नाही हो! रोज बघायचं आणि रोज तेवढंच. ह्यांनी तर मेलंय म्हणून उपटायला काढलं होतं, मी नखाने साल खरवडून हिरवं दाखवलं तेव्हा थांबले. तिसऱ्या पावसानंतर मात्र जे सुटलंय ते आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय.

२०२४ ला पहिली फळं, घमेलंभरसुद्धा नसतील. २०२५ ला मात्र टोपल्या भरल्या, आणि त्या वर्षी अमृताची खरी परीक्षा झाली. आठवत असेल, त्या मे महिन्यात विसाव्या तारखेच्या आसपासच पाऊस सुरू झाला आणि २५ मेला तर मान्सूनच आला, लोकांचे आंबे, काजू, वाळत घातलेली आमसुलं सगळं भिजलं. रानातल्या गावठी कोकमांची फळं निम्मी झाडावरच होती, ती पावसात गळून खाली कुजली. आमच्या अमृताची बहुतेक फळं तोवर उतरवून, फोडून, वाळवून डब्यात गेली होती. ज्याला सोलं करायचीत त्याला फळ असं पंधरा-वीस दिवस आधी हाती येणं म्हणजे सगळं काही, कारण सालं एकदा वाळवून भागत नाही, मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात, असं आठवडाभर तरी चालतं आणि मधे एक दिवस आभाळ आलं की बुरशी.

चवीबद्दल, आंबट आहे पण तुरट नाही, साल जाड म्हणून आमसूल मऊ मांसल होतं, बाजारातल्यासारखी काळी वातड चिंधी नाही. आगळाला, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसाला, रंग असा येतो की सोलकढीत दुकानातल्या आगळाच्या निम्मंच घातलं तरी पुरतं. सरबताला आम्ही अर्ध्या वाट्या करून त्यात साखर भरून बरणी उन्हात ठेवतो, बरणी उघडली की पोरं घरभर. बिया टाकू नका, धुऊन वाळवून ठेवायच्या, सासूबाई पावसाळ्यात कुटून उकळून तेल काढतात आणि थंड झालं की गोळे वळून ठेवतात, टाचांच्या भेगांना ह्यासारखं दुसरं काही नाही. गावातल्या बायकांची दर डिसेंबरात फर्माईश असते.

त्रास एकच, माकडं. पिकलेलं फळ फोडून आतला पांढरा गर चोखतात आणि साल खाली फेकतात, म्हणजे आपल्याला हवं तेच मातीत. जाळी लावून पाहिली, उचलून आत शिरतात. आता फळ पूर्ण लाल व्हायची वाट न बघता रंग धरला की उतरवतो आणि घरात ठेवतो, दोन-तीन दिवसांत लाल होतं.

किंमत विचाराल तर मी घेतलं तेव्हा शंभराच्या आतबाहेर होती, आता फोन करून विचारा. आणि पावसाळा तोंडावर आल्यावर जाऊ नका, अमृता आणि हातिसला मागणी असते, कलमं संपतात, मे महिन्यातच चौकशी करून ठेवलेली बरी. माझ्या डोंबिवलीच्या बहिणीने विचारलं बाल्कनीत कुंडीत चालेल का. नाही चालणार बाई, हे तीस-चाळीस फूट वाढणारं झाड आहे, तू सोलं इथूनच ने.