फ्लॅशचे सेल विकायला येणाऱ्या माणसापासून सावध

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि त्याच सुमारास स्टुडिओ-स्टुडिओ फिरणारी विक्रेते मंडळीही यायला लागतात. कोणी अल्बमचे नमुने आणतो, कोणी मेमरी कार्ड, कोणी छत्र्या नि स्टँड. यातले बहुतेक सरळ असतात. वर्षानुवर्षं येतात, उधारी ठेवतात, माल खराब निघाला तर पुढच्या खेपेला बदलूनही देतात. मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो त्यांच्यासारखाच दिसतो, बोलतोही तसाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, आर्णी, पांढरकवडा या पट्ट्यातल्या आम्हा अनेक स्टुडिओवाल्यांना त्याने एकाच पद्धतीने गंडवलं.

मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, गळ्यात ओळखपत्र, हातात नागपूरच्या कुठल्याशा दुकानाचं छापील दरपत्रक. पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, साधे सेल घेऊन घेऊन पैसे कायले जाळून रायले?" मग तो डबा उघडतो. आत चार रिचार्जेबल पेन्सिल सेल, एक चार्जर, आणि प्रत्येक सेलवर ठळक अक्षरांत ४५०० एमएएच, म्हणजे सेलमधल्या विजेच्या साठ्याचा आकडा. चार्जरसकट साडेसातशे रुपये. कॅमेऱ्याची बॅटरीही आहे, तिच्यावर २६०० छापलेलं, आणि ती 'ओरिजनलच्या अर्ध्या भावात'. एक वर्षाची वॉरंटी, शिक्का मारलेलं कार्ड, सगळं व्यवस्थित.

खरी करामत त्याच्या प्रात्यक्षिकात आहे. तो आपलाच फ्लॅश मागतो, आपले सेल काढतो, त्याचे घालतो आणि फुल पॉवरवर एकामागून एक उडवून दाखवतो. फ्लॅश भरताना येणारी शिट्टी वाजते न वाजते तोच तो तयार असल्याचा लाल दिवा लागतो. आपल्या साध्या सेलला तेवढ्याच कामाला दुप्पट वेळ लागताना आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे खात्री पटते. पण यात त्याच्या मालाचं काहीच कौतुक नाही. निकेल-मेटल हायड्राइडचा, म्हणजे आपण ज्याला रिचार्जेबल म्हणतो तो सेल, आतून कमी अडथळ्याचा असतो. नुकताच चार्ज केलेला असेल तर तो साध्या अल्कलाइन सेलपेक्षा फ्लॅश लवकर भरणारच. त्यात किती साठा आहे हे पहिल्या वीस-पंचवीस फ्लॅशमध्ये कळत नाही. आणि चार्ज करून ठेवला तर तो किती दिवस धरून राहतो, हे तर दुकानात उभ्या उभ्या दाखवणं कोणालाच शक्य नाही. तो माणूस नेमका याच फटीतून शिरतो.

माझ्याकडचं पहिलं काम निभावलं, कारण सेल त्याच सकाळी चार्जरवरून काढले होते. पुढची ऑर्डर एका खेड्यातली होती, गोरज मुहूर्त. सेल आधीच्या आठवड्यातच चार्ज करून बॅगेत ठेवलेले. मंगलाष्टकं संपत आली आणि फ्लॅश भरेना. शिट्टी नुसतीच रडल्यासारखी वाजत राहिली. नवरीचे मामा मागून ओरडले, "फोटोवाले, लाइट काहून नाई पडून रायला?" अक्षता पडल्या तेव्हा मी व्हिडिओवाल्याच्या दिव्यावर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, चढवून फोटो काढत होतो. नंतर गावातल्या किराणा दुकानातून साधे सेल मागवले आणि रात्र काढली. यजमानांनी हिशेबाच्या वेळी पैसे कापले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ते सेल घेऊन मी गावातल्या सोनाराकडे गेलो. त्याचा काटा मिलिग्रॅम दाखवतो आणि सेल तोलायला तो पैसे घेत नाही, फक्त हसतो. चांगल्या प्रतीचा दोन हजारांच्या वरचा पेन्सिल सेल २६ ते ३० ग्रॅमच्या आसपास भरतो. हे चारही १९ च्या आतबाहेर होते. घरी येऊन एकाचं वरचं प्लास्टिकचं कव्हर ब्लेडने सोललं तर खाली आणखी एक कव्हर, हिरवं, आणि त्यावर बारीक अक्षरांत ६००. अंगणात लावतात त्या छोट्या सौर दिव्यांत असे सेल येतात. त्यावरच नवा झगा चढवला होता.

आता आकड्यांबद्दल. एमएएच म्हणजे किती विद्युतप्रवाह किती तास, त्याचा गुणाकार. दोन हजारांचा सेल एका अँपिअरने वापरला तर साधारण दोन तास जाईल. पेन्सिल सेलचा डबा केवढा असतो ते आपल्याला माहीत आहे; त्यात या प्रकारचं रसायन जास्तीत जास्त २५०० ते २८०० पर्यंतच मावतं. नावाजलेल्या कंपन्यांचे सगळ्यात ताकदीचे सेलही तेवढ्यावर थांबतात. ३००० च्या पुढचा आकडा दिसला की पुढचं काही ऐकून घेऊ नका, मग तो ३३०० असो की ४५००. टॉर्चमध्ये जाड, १८६५० नावाचे लिथियमचे सेल येतात, त्यांच्यावर तर ९९०० लिहिलेलं सर्रास दिसतं. त्या आकारात चांगल्या कंपनीचा सेलही साडेतीन-चार हजारांच्या पलीकडे जात नाही.

एक नवी हातचलाखी सध्या दिसते. दीड व्होल्टचे, बाजूला मोबाइलच्या चार्जरची पिन लागणारे लिथियमचे पेन्सिल सेल निघालेत. वस्तू खोटी नाही, पण वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ३६०० आणि त्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत मिलीवॅट-तास असं एकक असतं, एमएएच नव्हे. मिलीवॅट-तासाला व्होल्टने भागलं की एमएएच मिळतात. म्हणजे ३६०० चे झाले २४००. उलट दोन हजारांचा साधा रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असल्याने त्याच एककात २४०० भरतो. दोघांत फरक आहे, पण आकडा पाहून वाटतो तेवढा नाही.

साठ्याइतकीच, किंबहुना लग्नाच्या कामात त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चार्ज उतरणं. जुन्या पद्धतीचा रिचार्जेबल सेल नुसता पडून राहिला तरी रिकामा होत जातो. पहिल्या दिवसातच थोडा घसरतो, मग रोज थोडा थोडा, आणि महिनाभरात चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो. हे साधारण खोलीच्या तापमानाला. उष्णता वाढली की आतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. दर १० अंशांमागे उतरण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरतात. आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि बॅग बोलेरोच्या मागच्या काचेखाली असेल तर आत किती होत असेल ते तुम्हीच ठरवा. मे महिन्यातल्या लग्नाला आठवडाभर आधी चार्ज केलेले सेल घेऊन जाणं म्हणजे अर्धवट सेल घेऊन जाणं.

यावर उपाय निघून आता वीस वर्षं झाली. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले. आतला पडदा आणि मिश्रधातू बदलून त्यांनी चार्ज उतरणं फारच कमी केलं. वर्षभर पडून राहिले तरी ८५ टक्के शिल्लक, असा त्यांचा दावा होता. पुढे ती कंपनी पॅनासॉनिककडे गेली, आणि त्या जातीचे सेल आता इतर कंपन्याही काढतात. वेष्टनावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' लिहिलेलं असतं. मात्र हा दावा २० अंश तापमानाचा आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात २० अंश कधी असतात तर जानेवारीच्या सकाळी. तरीसुद्धा फरक जमीन-अस्मानाचा पडतो. या सेलवर आकडा १९०० किंवा २००० असतो, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं: एकीकडे २००० चे चार सेल हजार-बाराशेच्या पुढे, दुसरीकडे ४५०० चे चार्जरसकट साडेसातशे. कोण सोडेल?

मल्टिमीटर लावून खरा-खोटा ओळखता येईल असं आमच्यातल्या एकाला वाटत होतं. नाही येत. या सेलचा व्होल्टेज चार्जनंतर १.४ च्या आसपास असतो, मग १.२ वर येऊन बराच काळ तिथेच बसतो, आणि शेवटी एकदम खाली येतो. ६०० वाला आणि २००० वाला दोन्ही मीटरवर सारखेच दिसतात. खरी तपासणी करणारा चार्जर वेगळा मिळतो. तो सेल पूर्ण भरतो, ठरावीक प्रवाहाने रिकामा करतो आणि किती एमएएच निघाले ते पडद्यावर दाखवतो. आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षकांकडे तो आहे, पक्ष्यांचे फोटो काढतात ते. त्यांच्याकडे माझे ४५०० चे सेल सहाशेच्या आतच आटोपले. मग पुन्हा भरून पंधरवडाभर कपाटात ठेवले आणि मोजले, तर अडीचशे-तीनशे उरले. म्हणजे ठकवणं दुहेरी होतं: साठा आकड्याच्या सातव्या हिश्शाइतकाही नाही, आणि असलेलाही टिकत नाही.

सोबत आलेल्या चार्जरचं वेगळं सांगायला हवं, कारण तो चांगले सेलही मारतो. त्यात सेल भरला की नाही हे बघायची सोय नाही, फक्त टायमर आहे. ठरलेले तास झाले की हिरवा दिवा. शहरात ठीक. आपल्याकडे लाइन जाते, येते, पुन्हा जाते; आणि प्रत्येक वेळी लाइन आली की टायमर पहिल्यापासून सुरू होतो. भरलेल्या सेलवर पुन्हा पूर्ण तासांचा मारा. सकाळी सेल हातात धरवत नाहीत इतके तापलेले. शिवाय सेल जोडीने भरावे लागतात, त्यामुळे एक अर्धा भरलेला असला तर तो उतू जातो नि दुसरा उपाशी राहतो. चारही खाचा वेगवेगळ्या चालणारा, व्होल्टेजचा उतार ओळखून आपोआप थांबणारा चार्जर घ्या. सेलपेक्षा महाग पडला तरी घ्या.

कॅमेऱ्याच्या बॅटरीची कथा वेगळी नाही. कॅननच्या मूळ एलपी-ई६एन बॅटरीवर १८६५ एमएएच असतं, छोट्या कॅमेऱ्यांतल्या एलपी-ई१० वर ८६०. त्याच आकारात कोणी दीडपट-दुप्पट आकडा छापून अर्ध्या भावात देत असेल तर आत काय असेल? ई६ जातीच्या बॅटरीत चिप असते; कॅमेऱ्याच्या मेनूत बॅटरीची माहिती उघडली की उरलेला टक्का, किती फोटो निघाले आणि रिचार्जची क्षमता दाखवणारे तीन हिरवे चौकोन दिसतात. नक्कल बॅटरीत बरेचदा हे येतच नाही, किंवा शेवटपर्यंत भरलेली दाखवते आणि मग कॅमेरा अचानक बंद. लिथियमची बॅटरी पडून राहिली तर महिन्याला दोन-चार टक्केच उतरते. पंधरा दिवसांत अर्धी झाली, तर ती बॅटरी नाही, भंगार आहे. मात्र आडवळणाच्या कंपनीची प्रत्येक बॅटरी वाईट असते असंही नाही. माझ्याकडे एक आहे, आकडा प्रामाणिक छापलेला, आणि ती नीट चालते.

फसलेल्यांत एक शेतकरीही आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला शेत, रानडुकरं कुठून येतात ते पाहायला त्याने बांधावर सेन्सर कॅमेरा बांधला होता. त्यात आठ सेल लागतात. त्यालाही हेच सेल गळ्यात मारले. दोन रात्रींत कॅमेरा बंद. चांगले रिचार्जेबल घातले असते तरी जरा विचार करावा लागला असता, कारण साधे आठ सेल १२ व्होल्ट देतात नि हे ९.६, काही कॅमेरे तेवढ्यावर रात्रीचा इन्फ्रारेड दिवा नीट पेटवत नाहीत. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत कोणते सेल चालतात ते लिहिलेलं असतं.

घेताना एक गोष्ट दोन मिनिटांत बघता येते. अशा रिचार्जेबल सेल-बॅटऱ्यांना भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक सेलवर किंवा वेष्टनावर हवा. मोबाइलवर बीआयएस केअर ॲप घेऊन तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव येतं. माझ्या डब्यावर क्रमांक छापलेला होता, पण ॲपमध्ये तो कुठल्याशा एलईडी दिव्याच्या कंपनीचा निघाला. पक्कं बिल मागितलं की आणखी एक कळतं. त्या माणसाने दिलेल्या कच्च्या बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. मित्राला दिलेल्या बिलावर होता, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधला तर केव्हाच रद्द झालेला.

वॉरंटी कार्डावरचा फोन आता लागत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मराठीतच बोलले, पण विक्रेत्याचा पत्ता खोटा असल्याने गाडी तिथेच अडली. आमच्यातल्या ज्याने असलेच सेल ऑनलाइन मागवले होते त्याला मात्र वजनाचा आणि सोललेल्या सेलचा फोटो पाठवल्यावर पैसे परत मिळाले. विक्रेत्याचा खरा पत्ता मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

म्हणून ज्यांच्याकडे हे सेल अजून असतील त्यांनी ते फेकू नका. डबा, कच्चं बिल, शिक्क्याचं कार्ड यांचे फोटो काढून ठेवा, एक सेल सोलून आतल्या कव्हरचाही काढा, आणि मोटरसायकलचा नंबर कोणी टिपला असेल तर तालुक्याच्या फोटोग्राफर मंडळींपर्यंत पोहोचवा. यवतमाळला एकत्र तक्रार द्यायचं ठरतंय, त्यात ही नंबर प्लेटच तेवढी कमी आहे.