बोअरचं पाणी आणि बाथरूमची खरेदी

सोलापुरात बाथरूमचं सामान घ्यायला निघालात, तर दुकानात जाण्याआधी घरच्या जुन्या नळाच्या तोंडावरून बोट फिरवा. पांढरी, खरखरीत खपली लागली, तर ते बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत. त्यात उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येणार, मधले दिवस टाकीवर काढायचे. या दोन गोष्टी लक्षात ठेवून निवडलं, की दुकानातला चकचकाट फारसा भुरळ घालत नाही.

आधी संडासचं भांडं. इंडियन की वेस्टर्न या वादात मी पडत नाही. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर वेस्टर्न घ्या, एवढंच. खरा फरक फ्लशच्या टाकीचा. जुनी टाकी एका वेळी 10 लिटर सोडते, दोन बटणांची 3 किंवा 6 लिटरवर भागवते. चौघांच्या घरात दिवसाला वीसदा फ्लश धरा. जुन्या टाकीला 200 लिटर लागतील. नव्या टाकीचं मोठं बटण चारदाच दाबलं आणि बाकी वेळा छोटं, तर 72. चार दिवसांत 512 लिटर वाचले, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी अर्धी शिल्लक!

भिंतीला टांगलेलं भांडं दिसायला देखणं, खालची फरशी पुसायलाही सोपी. आमच्या वहिनी त्यावर खूश आहेत. पण त्याची टाकी भिंतीच्या पोटात असते. क्षारांनी रबरी वायसर खराब झाला, की बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून हात घालून काम करावं लागतं, आणि सुटे भाग त्याच कंपनीचे लागतात. मी जमिनीवरचं साधं भांडं घेईन.

नळांत दोन जाती. जुना, चार फेरे फिरवायचा. त्याचा वायसर काही रुपयांत मिळतो आणि पान्हा असेल तर घरीच बदलता येतो. नवा पाव फेऱ्यात उघडतो, आत सिरॅमिकच्या चकत्या असतात. हाताळायला सुखाचा, पण टाकीतली रेती चकत्यांत गेली की ठिबकायला लागतो आणि आतला स्पिंडल अख्खा बदलावा लागतो. बेसिनला नवा आणि बादलीखाली जुना, अशी वाटणी मला पटते. पितळी नळ हातात जड लागतो, ती ओळख पुरे. धुण्याच्या जागेला प्लॅस्टिकचा चालतो. नळाच्या तोंडाला पाणी फेसाळ करणारी जाळी असेल तर ती हाताने सुटते ना, हे दुकानातच बघा; महिन्याकाठी लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवावी लागते. ॲसिड मात्र नळाला लावू नका, चकाकी जाते.

शॉवरला मी फसलो. आठ इंची पावसाळी शॉवर हौसेने वरच्या मजल्यावर लावला. टाकी डोक्यावर जेमतेम दहा फुटांवर, म्हणजे दाब 0.3 बारच्या आसपास. पाऊस कसला, पागोळ्या गळायच्या! पंप बसवायचा नसेल, तर हातात धरायचा छोटा शॉवर घ्या. खालच्या मजल्यावर दाब जरा बरा मिळतो.

गिझर 3 लिटरचा की 15 चा? बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला 15 चा. छोटा सहसा 3 किलोवॅट ओढतो, मोठ्याचं 2 मध्ये भागतं. क्षार दोघांच्याही कॉइलवर बसतात, म्हणून साफ करायला उघडता येईल अशा उंचीवर लावा. ऊन आपल्याकडे रग्गड, त्यामुळे सोलरही विचारात घ्या. त्याच्या नळ्यांतही क्षार साचतात, तेवढं धरून चला.

बेसिन कुठलंही घ्या, फक्त फार उथळ नको, नाहीतर दात घासताना पोटावर पाणी.

भांड्याची ऑर्डर देण्याआधी भिंतीपासून संडासच्या पाइपच्या मध्यापर्यंत टेप लावा. बाजारात 9 इंची आणि 12 इंची, दोन्ही मापं मिळतात. आणि गवंड्याला सांगा, फरशीचा उतार न्हाणी ट्रॅपकडेच, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडेच हवा. इंग्रजी बोलणारे इंजिनिअरसुद्धा त्याला ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात, शब्द आपल्या न्हाणीघरातला.