आधी कुन्छ्यू ऐकावी की छिनछियांग?

चिनी संगीत नाटक म्हटलं की बीजिंग ऑपेराचे रंगवलेले चेहरे आठवतात. पण कान तयार करायचा असेल, तर मी त्याहून जुन्या दोन शैलींकडे बोट दाखवेन. दोन्ही आपापल्या मातीला घट्ट धरून आहेत.

कुन्छ्यू पूर्व चीनमधल्या सूचौ शहराजवळच्या कुनशानची. कालवे, भातशेती आणि रेशमाच्या व्यापारातून आलेली श्रीमंती असा हा मुलूख. 16व्या शतकात वेई ल्यांगफू यांनी तिथलं गाणं घासूनपुसून असं मुलायम केलं की त्याची तुलना पाणी घालून दळलेल्या तांदळाच्या पिठाशी होऊ लागली. धनिकांच्या घरी खासगी नाटकमंडळ्या असत. दिवाणखान्यात गालिचा अंथरला की रंगमंच तयार. ऐकणारा चार हातांवर, मग आवाज चढवायचा कशाला? साथीला बासरी, आणि एकेक अक्षर लांबवत, वळवत नेणारा गळा.

छिनछियांग वायव्य चीनमधल्या शाआन्शी प्रांतातली. पिवळ्या मातीचं कोरडं पठार, देवळांच्या जत्रा, उघड्यावरचा रंगमंच. इथे आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायलाच हवा. तिथले लोकच म्हणतात, आमच्याकडे गात नाहीत, गर्जतात. ताल बोरीच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर. मुख्य वाद्य बानहू, गजाने वाजवायचं दोन तारांचं वाद्य. त्याच्या तोंडावर कातड्याऐवजी लाकडाची पातळ फळी असल्याने सूर धारदार निघतो. मला या शैलीत सर्वांत मोलाचे वाटतात ते तिचे ‘कडू’ सूर. दुःखाच्या प्रसंगी मध्यम किंचित चढतो, निषाद किंचित उतरतो. सरगम जाणणाऱ्याला तो फरक लगेच जाणवेल, आणि गर्जनेच्या आत किती कारुण्य आहे हेही.

सगळं श्रेय भूगोलाला देऊ नये, हेही खरं. नैऋत्येकडच्या सछ्वान प्रांताच्या ऑपेरात स्थलांतरितांनी आणलेल्या अनेक गायकी एकत्र नांदतात, त्यांतली एक छिनछियांगच्याच कुळातली.

मग निवड कशी करायची? कवितेची ओढ असेल तर कुन्छ्यू. मात्र शब्द अवघड आहेत, अनुवाद आधी वाचाच. नाटककार थांग श्यानत्सू यांच्या 1598 सालच्या ‘पिओनी पॅव्हिलियन’ या नाटकाचे 55 प्रवेश एकदम पाहू नका, नायिका बागेत जाते आणि तिथून परतल्यावर तिला स्वप्न पडतं, तेवढा भाग घ्या. भाषा अजिबात कळणार नसेल, तर माझं मत छिनछियांगला. कडू सुरांतलं एखादं पद लावा, आवाज मोठा ठेवा, आणि पहिली दोन मिनिटं कर्कश वाटलं तरी बंद करू नका.