हिगाशिनो घ्यावा का, आणि आधी कोणता घ्यावा

जपानी रहस्यकथाकार केइगो हिगाशिनोची इंग्रजीत आलेली पुस्तकं मी एकेक करून मागवत गेलो, आता कपाटातला एक कप्पा त्यांचाच झालाय. मी लातूरला अकरावी-बारावीला गणित शिकवतो. नीटवाल्यांच्या या गावात गणिताचा मास्तर तसा अल्पसंख्याकच. रात्री टेस्टचे पेपर तपासून झाले की मला रहस्यकथा लागते, आणि तीही फसवाफसवी न करणारी.

सगळे 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'पासून सुरुवात करतात, तुम्हीही करा. मूळ जपानी २००५चं, इंग्रजीत २०११ला आलं. 'जाने जां' हा सिनेमा त्याच्यावरूनच केलाय, पण तो नंतर बघा. खून कोणी केला हे सुरुवातीलाच आपल्यादेखत घडतं. जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, तिला छळणारा जुना नवरा आणि शेजारच्या खोलीतला इशिगामी. हा इशिगामी शाळेत गणित शिकवतो. आता सांगा, मी पुस्तक खाली ठेवणार होतो का?

एका ठिकाणी तो पेपर कसा काढतो ते सांगतो : दिसायला भूमितीचा प्रश्न, सोडवायला बसलं की निघतो फंक्शनचा. अहो, हाच तर आमचा धंदा! पोराला न येणारं विचारण्यात काय मजा? येतंय असं त्याला वाटलं पाहिजे, मग तो हमखास चुकीच्या दारातून आत शिरतो. हिगाशिनो वाचकाला तसाच आत घेतो. शेवटाला येऊन मागची पानं चाळली तर सगळं तिथंच लिहिलेलं असतं, काही लपवलेलं नसतं. चार रंगांच्या प्रमेयाची (कोणताही नकाशा चारच रंगांत असा रंगवता येतो की शेजारशेजारचे भाग एका रंगाचे येत नाहीत) १९७६ची कॉम्प्युटरवाली सिद्धता इशिगामीला सुंदर वाटत नाही. मला चालते, पण मी इशिगामी नाही.

हा लेखक साहित्याच्या वर्गातून आलेला नाही. जन्म १९५८चा, ओसाकाचा. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या निप्पॉन डेन्सो कंपनीत नोकरीला लागला. १९८५ला 'होकागो' कादंबरीला रहस्यकथांसाठीचा एदोगावा रांपो पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी गडी राजीनामा देऊन टोकियोला. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर संध्याकाळपर्यंत मामा, काका, आत्याचे मिस्टर सगळे घरात जमले असते. पुढे मानाच्या नाओकी पुरस्कारासाठी पाच वेळा नाव गेलं आणि पाचही वेळा हुकलं. सहाव्यांदा, २००६ला, 'सस्पेक्ट एक्स'ने तो मिळवून दिला. रिपीटर बॅचला हे मी दरवर्षी ऐकवतो.

तरी माझं मत विचाराल तर 'मॅलिस' वरचढ. कॅनडाला निघायच्या आदल्या रात्री एका नावाजलेल्या लेखकाचा खून होतो. तपास करणारा कागा आधी शाळेत शिक्षक होता, आणि ज्याने प्रेत पाहिलं तो नोनोगुची त्याच शाळेतला सहकारी. कोणी केलं हे लवकर कळतं. का केलं, याच्यावर अख्खं पुस्तक उभं आहे. प्रत्येक वेळी कारण सापडलं म्हणून आपण निवांत होतो आणि पुढचं प्रकरण ते कारणच खोडून टाकतं. 'न्यूकमर'मध्येही कागाच आहे, पण तिथं तो टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या दुकानादुकानांतून फिरतो. आपल्या लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात एखादा नवा फौजदार बदलून यावा आणि त्याने प्रत्येक दुकानाच्या ओट्यावर बसून घराघरातल्या कुरबुरी ऐकाव्या, तसं ते वाचताना वाटतं. खुनापेक्षा त्या कुरबुरीच जास्त लक्षात राहतात.

'साल्व्हेशन ऑफ अ सेंट' मात्र मला पटलं नाही. नवरा विषाच्या कॉफीने टोकियोत मरतो, संशय जिच्यावर ती बायको तेव्हा लांब उत्तरेला, होक्काइदोत. कोडं चांगलं आहे, उत्तर कागदावर बसतं, पण चालत्या घरात ते इतके दिवस निभेल यावर माझा विश्वास बसला नाही. विकत घेऊ नका, कोणाचं मिळालं तर वाचा.

नावांचा त्रास होतोच. कुसानागी, किशितानी, कुदो, हे तिघं एकट्या 'सस्पेक्ट एक्स'मध्ये! मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तक्ता करून ठेवतो, तुम्हीही करा.

पळापळ, गोळीबार पाहिजे असेल तर हे घेऊच नका. जाडजूड 'जर्नी अंडर द मिडनाइट सन' (१९७३च्या ओसाकात मारला गेलेला गहाणवटीचा सावकार, आणि पुढची जवळपास वीस वर्षं) मे महिन्यासाठी राखून ठेवा. आणि 'मॅलिस'ची माझी प्रत कोणी मागू नका. ती नांदेडच्या एका मित्राकडे आहे आणि तो हल्ली माझा फोन उचलत नाही.