अण्णांना घेऊन बर्मिंगहॅमच्या ‘बॅक टू बॅक्स’मध्ये

मला बर्मिंगहॅमला येऊन नऊ वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की त्यांना इथे काय दाखवायचं, हा प्रश्न दर वेळी पडतो. लंडनसारखे राजवाडे नाहीत, नदी म्हणावी अशी नदी नाही. मागे सासूबाई आल्या तेव्हा त्यांना एका टूर बसमध्ये बसवलं. दोन तास कालवे आणि मॉल बघून उतरल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, पण या गावात माणसं कुठून आली, ते कुणी सांगितलंच नाही.’’

ते सांगणारी जागा आहे, आणि ती न्यू स्ट्रीट स्टेशनपासून चालत जेमतेम दहा मिनिटांवर आहे. हर्स्ट स्ट्रीटवर, हिप्पोड्रोम थिएटरजवळ. नाव ‘बर्मिंगहॅम बॅक टू बॅक्स’, सांभाळते नॅशनल ट्रस्ट ही ऐतिहासिक वास्तू जपणारी संस्था. मे महिन्यात माझे वडील, अण्णा, आले होते, त्यांना घेऊन गेले.

बॅक टू बॅक म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेली घरं. एका घराचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं आतल्या अंगणाकडे, आणि मधली भिंत एकच. त्यामुळे मागे खिडकी नाही, वारा आरपार जायला वाटच नाही. एका मजल्यावर एक खोली, असे तीन मजले. धुणं आणि संडास अंगणात, सगळ्यांचे मिळून. गाईडबाई हे समजावत होत्या, तेव्हा अण्णा नुसते मान हलवत होते. चाळीत साठ वर्षं काढलेल्या माणसाला यातलं काय नवीन?

ही घरं १८०२ ते १८३१ या काळात उभी राहिली. १८०१ मध्ये बर्मिंगहॅमची वस्ती ७४ हजारांच्या आसपास होती, शंभर वर्षांनी ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली. इथे मोठी नदी नाही, बंदर नाही. जे होतं ते हातातलं काम. बटणं, टाचण्या, पेनाच्या निबा, बंदुका, दागिने. कालव्यांतून कोळसा यायचा आणि छोट्या छोट्या कारखान्यांत माल तयार व्हायचा. आजूबाजूच्या खेड्यांतून, आयर्लंडमधून माणसं येत राहिली आणि बांधणाऱ्यांनी दिसेल त्या जागेत खोल्या कोंबल्या. १९०९ च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी आली, तरी पहिल्या महायुद्धानंतरही शहरात सुमारे ४३ हजार उरली होती. पुढे सगळी पाडली गेली. अंगणासकट जपलेलं हे एकच.

टूरमध्ये चार घरं बघायची, चार वेगळ्या काळांतली. १८४० च्या दशकातलं लेव्ही हे ज्यू कुटुंब, घड्याळाचे काटे बनवणारं. मग ओल्डफील्ड, काचेचे डोळे करणारे. नंतर १९३० च्या दशकातले कुलूपवाले मिचेल. यातल्या मधल्या दोन घरांत आमचा गट जरा घाईने फिरला, कारण वरच्या खोलीत पाच-सहा माणसं उभी राहिली की वळायलाही जागा नसते. पण ती दाटी अंगाला लागते तेव्हाच कळतं, की या एवढ्या खोलीत चार-चार मुलं झोपायची म्हणजे काय.

शेवटी जॉर्ज साँडर्स यांचं टेलरिंगचं दुकान. ते कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून १९५८ मध्ये इथे आले. दुकान सोडताना त्यांनी आपलं सामान इथेच राहू दिलं, म्हणून हे दुकान नाटकातल्या सेटसारखं वाटत नाही. कापडाचे तागे, मशीन, टांगून ठेवलेले कागदी पॅटर्न.

अण्णा दारातच थांबले. त्यांनी स्वतः गिरगावात चाळीस वर्षं पँट-शर्ट शिवले. मग पुढे जाऊन एक पॅटर्न खालून वर बघितला आणि मला हळूच म्हणाले, ‘‘बघ, खांद्याला उतार किती दिलाय. गिऱ्हाईक एका बाजूला झुकून चालणारं असणार. हा माणूस मापं नुसती टेपने घेत नव्हता, बघून घेत होता.’’ मी ते गाईडबाईंना इंग्रजीत सांगितलं. गट बाहेर गेल्यावरही त्यांनी अण्णांना दहा मिनिटं आत राहू दिलं आणि कापड बेतण्यातलं एकेक विचारत बसल्या. त्या दहा मिनिटांसाठी मी या जागेला पाचपैकी पाच देते.

एक लक्षात ठेवा, इथे याच अंगणात राहिलेल्या आणि राबलेल्या माणसांची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओतशाळांत कामाला आलेले पंजाबी, मंगला धरणात गावं गेल्यावर आलेले पाकव्याप्त काश्मीरमधले मिरपुरी, यांचं शहर बघायचं तर बाहेरच पडायला हवं. आम्ही तिथून बस पकडून हँड्सवर्थच्या सोहो रोडला गेलो. सूटपीस, दुपट्टे, फॉल-बीडिंगची दुकानं. २०२१ च्या जनगणनेत साडेअकरा लाखांच्या या शहरात निम्म्याहून अधिक लोक वांशिक अल्पसंख्याक गटांतले निघाले. इकडे त्या आकड्यावर कुरकुर करणारे मला भेटतात. त्यांनी एकदा लेव्हींच्या घरात उभं राहून यावं, असं मला मनापासून वाटतं. हे गाव बाहेरून आलेल्यांनीच वाढवलंय, आणि ते काही काल-परवापासून नाही.

जायचं असेल तर आधी बुकिंग करा, गाईडशिवाय आत सोडत नाहीत. नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असेल तर तिकीट लागत नाही. सव्वा-दीड तास धरून चाला. जिने अरुंद, उभे आणि वळणाचे आहेत. गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळीच तसं सांगून काय सोय होते ते विचारा. अण्णा प्रत्येक जिन्यात कठडा धरून, एकेक पायरी करत चढले. खांद्याचा तो उतार घरी आल्यावर त्यांनी माझ्या मुलीच्या वहीत काढून ठेवलाय, मापांसकट.