लॉनची रेडीमेड शीट: माल बरा, अंथरणी कच्ची

पुण्यात बंगल्यापुढे किंवा सोसायटीत लॉन करायचं ठरलं की गाडी सोलापूर रस्त्याला लागते. उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे. तिथे चौरस फुटाच्या भावाने लॉनची शीट, म्हणजे मुळं-मातीसकट तयार गवताचा तुकडा, मिळते. सकाळी टेम्पो आला की संध्याकाळपर्यंत अंगण हिरवं. शीट घेण्याजोगी आहे. तिच्याबरोबर मिळणारी ‘अंथरूनही देतो’ ही सेवा मात्र डोळे मिटून घेऊ नये.

आधी माल. सिलेक्शन वन, मेक्सिकन, कोरियन, बर्म्युडा, पास्पॅलम अशी नावं ऐकू येतात आणि एकाच गवताला दोन नर्सऱ्यांत दोन नावं असतात. म्हणून नावापेक्षा पान आणि आपली जागा बघा. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, निवडून काढलेली. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळत असेल आणि पोरं खेळणार असतील तर हेच घ्या, कारण तुडवलं गेलं तरी लवकर भरून येतं. कोरियन मखमली दिसतं आणि कापावंही फारसं लागत नाही, पण अतिशय हळू वाढतं आणि ठिकठिकाणी उंचवटे धरतं. ते बघायचं गवत आहे, खेळायचं नव्हे. अर्ध्या सावलीत रुंद पानाचं पास्पॅलम तग धरतं. दाट आंब्याखाली यातलं काहीच टिकत नाही. विक्रेता काहीही म्हणो, तिथे पैसे घालू नका.

टेम्पो भरायच्या आधी एक शीट उचलून उलटी करा. पांढरी मुळं एकमेकांत गुंतलेली हवीत. कोपरा धरून उचलल्यावर माती भुरभुर गळत असेल तर शीट कोवळी आहे. खालची पाती पिवळट आणि हाताला गरम लागत असतील तर ती ढिगात तापलेली आहे. कापलेल्या शीटांचा ढीग आतून तापतो, उन्हाळ्यात तर एका रात्रीत पिवळा पडतो. त्यामुळे कापल्या दिवशीच अंथरणी, हे भाव ठरवतानाच कबूल करून घ्या.

आणि लव्हाळा हे चिवट तण शोधा. तिधारी दांडा, चकचकीत पातं. वाफ्यात एक जरी दिसला तरी त्या वाफ्यातला माल नको, कारण खाली त्याच्या गाठींची माळ असते आणि वरून उपटलं की उरलेल्या गाठी जोमाने फुटतात. उसातल्या लव्हाळ्यावर शेतकरी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक मारतात, तेच लॉनवर मारून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. पण त्याची मात्रा एकरी 36 ग्रॅम. पाचशे चौरस फुटांना ती जेमतेम 0.4 ग्रॅम होते, घरच्या काट्यावर मोजताच येत नाही. चिमूटभर जास्त पडलं तर गवताची काय गत होईल याची हमी कोणी देत नाही. त्यापेक्षा अंथरण्याआधी रिकामी जमीन भिजवा, लव्हाळा उगवू द्या, गाठीसकट खणून काढा, आणि हेच पुन्हा एकदा करा.

आता अंथरणी. बांधकामाचा राडारोडा वरवर सपाट करायचा, दोन इंच लाल माती पसरायची, वर शीट दडपायची, अशीच कामं बहुतेक ठिकाणी होतात. पावसाळाभर छान दिसतं. एप्रिलमध्ये त्याच जागी गोल तपकिरी चकत्या उमटतात. खणून बघा, खाली सिमेंटचे खडे निघतील. करारात निदान एवढं लिहून घ्या: फूटभर खोदून खडे बाहेर, वर चार इंच चांगली माती, त्यात इंचभर कुजलेलं शेणखत आणि अर्धा इंच रेती मिसळून. पाचशे चौरस फुटांना हा हिशेब सुमारे 1.7 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती, 42 घनफूट खत आणि 21 घनफूट रेती असा येतो. टेम्पोतून किती माती उतरली ते आपण स्वतः मोजायचं. उतार भिंतीपासून बाहेर, शंभर फुटाला फूटभर. खाली काळी माती असेल तर पाणी बाहेर काढणारी चर हवीच, नाहीतर जुलैत मुळं कुजतात.

शीटा बहुधा प्लास्टिकच्या कागदावर चिकणमातीत वाढवलेल्या असतात. रेताड वाफ्यावर हा चिकट थर बसला की पाणी त्यातच अडकतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. अंथरल्यावर महिन्याने बागकामाच्या काट्याने चार-चार इंचांवर भोकं पाडून रेती झाडून घ्यावी. मजूर हे आपणहून करत नाहीत, सांगावं लागतं. मांडताना विटांसारखी सांधेमोड हवी आणि फटींत रेती-खत भरलेलं हवं. रिकामी फट वाळते आणि शीट कडेने वळते.

देखभालीचा वार्षिक करार घ्यायचाच तर कापणीपुरता घ्या. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको. ‘बारीक कापा, म्हणजे महिनाभर बघायला नको’ म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवावं. पाणी आणि खत आपल्या हातात असलेलं बरं. उन्हाळ्यात रोजचे 5 मिलिमीटर धरले तर पाचशे चौरस फुटांना सुमारे 230 लिटर पाणी लागतं. ते पहाटे द्यावं, रात्री नको. पाती रात्रभर ओली राहिली की बुरशी येते. तेवढ्याच जागेला युरिया 250 ग्रॅम, रेतीत मिसळून कोरड्या पात्यांवर फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी. बोअरच्या जड पाण्याने नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर युरिया वाढवून उपयोग नाही. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा, फक्त फरशीवर उडू देऊ नका. तांबडे डाग निघत नाहीत.

सप्टेंबरात गवत सुकतंय आणि ओढलं की मुळाशिवाय चटईसारखं हातात येतंय, तर खाली मुळं खाणारी हुमणी अळी आहे. पाणी वाढवू नका, वीतभर माती उकरून अळ्या वेचा. उसवाले शेणखतात हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळून टाकतात, ती इथेही चालते.

जागा मोठी आणि घाई नसेल तर पूर्ण शीट अंथरण्यात पैसे घालू नका. एक चौरस फुटाचे दोन-दोन इंचांचे 36 तुकडे होतात. सहा इंचांवर लावले की नऊ चौरस फूट जागा भरते. पाऊस नीट लागला की जूनअखेरीस लावा. हरळीच्या जाती पावसाळा संपता संपता मिळून येतात, कोरियन मात्र या पद्धतीने लावू नका, वर्ष जाईल.